सासरेबुवांचा स्वेटर

१२ सप्टेंबर

प्रिय टाचण्या,

आशीर्वाद नेहमीचेच. फोन केला की तू पलीकडून नुसता "हं" म्हणतोस आणि तोही मशिनच्या खडखडाटात, म्हणून पत्र लिहितेय. शिवाय मी आयुष्यभर पोस्टाच्या खिडकीमागे बसून लोकांच्या पत्रांवर शिक्के मारले. म्हातारपणी चार पत्रं माझीही जाऊ देत.

मुद्द्याचं बोलते. तुझी बायको गेली त्याला गेल्या आठवड्यात वर्ष झालं. तेव्हा तू माझ्यासमोर बसून, नाक पुसत म्हणाला होतास की ताई, एक वर्ष जाऊ दे, मग दुकान आवरतो आणि तुझ्याकडे राहायला येतो. वर्ष गेलं. खोली तयार आहे. भिंतींना रंग दिलाय, नवी गादी आणलीये, खिडकीला पडदे लावलेत. पडदे मीच शिवलेत, तेव्हा आल्या आल्या शिंप्याचं नाक मुरडू नकोस. सदुसष्ट वर्षांच्या माणसाने एकट्याने पाव आणि चहावर दिवस काढावेत याला काय अर्थ आहे? मागे आले होते तेव्हा तुझ्या स्वयंपाकघरात मला एक अंडं, अर्धा पाव आणि बटणांचा डबा एवढंच सापडलं. त्यातला बटणांचा डबा फ्रिजमध्ये होता.

इथे काय कमी आहे? बिल्डिंगमध्ये आम्हा बायकांचा पत्त्यांचा अड्डा आहे, रोज संध्याकाळी रंगतो. सकाळी फिरायला सोबत आहे. लिफ्ट आहे. दोन्ही वेळा पोटभर जेवते. तब्येत अशी झालीये की तू मला ओळखणार नाहीस.

तेव्हा कधी येतोस ते तारखेसकट कळव. "बघतो" हे उत्तर चालणार नाही.

तुझी,
ताई


२६ सप्टेंबर

ती. ताईस,

नमस्कार. पडदे तू शिवलेस हे वाचून काळजी वाटली, पण मी येणारच आहे, आल्यावर उसवून परत शिवीन.

येण्यात मात्र एक छोटीशी अडचण आली आहे. तिला चार पाय आहेत.

रागावण्याआधी पुढे वाच. बायकोचं कपाट आवर, असं तूच मागे लागली होतीस ना? आवरलं. तिची एक जुनी रजई होती. शहराबाहेर एक जागा आहे, टाकून दिलेल्या कुत्र्यांना सांभाळतात, तिथे अंथरुणं लागतात असं कळलं, म्हणून ती घेऊन गेलो. रजई खाली ठेवतोय तोच कोपऱ्यातून एक म्हातारा कुत्रा उठला, लंगडत आला, रजईचा सावकाश वास घेतला, गिरक्या घेतल्या आणि तिच्यावर आडवा झाला. तिथल्या बाई बघतच राहिल्या. म्हणाल्या, हा आल्यापासून कोणाजवळ गेलेला नाही. तोंड पांढरं, एक कान फाटका. लोक येतात, पिल्लं उचलतात आणि जातात, याच्याकडे कोणी बघत नाही.

मी म्हटलं, रजई त्यालाच द्या. आणि निघालो. तर हा रजईचं टोक तोंडात धरून माझ्या मागे. काढून घ्यावी तर सोडेना, ठेवून यावं तर बसेना. थोडक्यात, रजई द्यायला गेलो आणि रजई परत घेऊन आलो, कुत्र्यासकट.

नाव सासरेबुवा ठेवलं आहे. तिचे वडील आठवतात ना? दिवसभर खुर्चीत बसायचे, बोलायचे नाहीत, जेवण वेळेवर लागायचं, आणि मी काहीही केलं की नाकातून एक सुस्कारा सोडायचे. हुबेहूब तेच. परवा एका कोटाची बाही मी उलटी लावत होतो, ते मला सुस्काऱ्यावरून कळलं. ती असती तर पोट धरून हसली असती.

डॉक्टरांनी तपासलंय. हृदय कमजोर आहे. सहा महिने काढले तरी पुष्कळ. तेवढं होऊ दे, मग मी येतोच. मरणाऱ्याला या वयात आणखी घरं दाखवणं बरं नाही.

तुझा,
टाचण्या


४ ऑक्टोबर

प्रिय टाचण्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा चष्मा नव्हता, दुसऱ्यांदा विश्वास बसला नाही.

लोक आवळा देऊन कोहळा काढतात. तू रजई देऊन म्हातारा कुत्रा काढलास, आणि रजईही त्याचीच झाली. आणि नाव काय ठेवलंस? ते बिचारे वर बसून काय म्हणत असतील? काही म्हणत नसतील म्हणा, सुस्कारा सोडत असतील.

आमच्या बिल्डिंगमध्ये कुत्र्याला मज्जाव आहे हे पहिलं. दुसरं म्हणजे मी. लहानपणी मला कोपऱ्यावरच्या कुत्र्याने पोटरीला धरलं होतं आणि तू भिंतीवर बसून टाळ्या वाजवत होतास, हे मी विसरलेले नाही. तेव्हापासून कुत्रा आणि मी यांच्यामध्ये निदान एक रस्ता असावा असा माझा नियम आहे.

पण मी काही राक्षसीण नाही. आजारी जिवाला बाहेर काढ असं माझ्याने सांगवणार नाही. त्याचे सहा महिने होऊ देत. नव्या गादीवर तोवर मी पापड वाळत घातल्यासारखे माझे जुने कपडे पसरून ठेवते. मधूनमधून त्याची तब्येत कळवत जा. घाई काही नाही. आपला अंदाज असावा, एवढंच.

ताई


२ नोव्हेंबर

ती. ताईस,

नमस्कार. सासरेबुवांच्या तब्येतीची चौकशी केलीस, बरं वाटलं. त्यांची प्रकृती तोळामासाच आहे. दिवसभर पडून असतात. दुकानाची एक पायरी चढायची तर धाप लागते. बघवत नाही.

बाकी इकडे सगळं ठीक. परवा इस्त्रीवाल्याचा अख्खा पाव टेबलावरून नाहीसा झाला. टेबल चांगलं उंच आहे, तेव्हा चोर कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण सासरेबुवांच्या मिशांना लोणी लागलं होतं. बँकेचे मॅनेजर पँटच्या ट्रायलला उभे असताना पायाशी काहीतरी झटापट झाली आणि पँटची हाफपँट करावी लागली. माणूस सज्जन आहे, उन्हाळ्यात वापरीन म्हणाले. पोस्टमन हल्ली पत्र रस्त्याच्या पलीकडूनच फेकतो. मागचं तुझं पत्र गटारात पडलं होतं, वाळवून वाचलं.

पण हे आपले दिवा विझण्याआधी मोठा होतो त्यातले प्रकार. एरवी काही खरं नाही.

थंडी सुरू झाली आहे. मी कोट शिवला असता, पण जाड कापड त्यांना टोचतं. तुझ्या विणकामाला तोड नाही. एक स्वेटर विणशील? मापं देतो. गळा सोळा, छाती सव्वीस, पाठ बावीस, पुढच्या पायांमध्ये अंतर सात. बाह्या नकोत. बाह्या त्यांना आवडत नाहीत.

तुझा,
टाचण्या


२५ नोव्हेंबर

टाचण्या,

सोबत पार्सल आहे. कुत्र्याचा स्वेटर विणायची पाळी माझ्यावर येईल असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला पोस्टाच्या खिडकीतून बाहेर काढलं असतं. करडी लोकर तुझ्या मफलरसाठी आणली होती, तेव्हा या थंडीत तू गळ्याभोवती टेपच गुंडाळ.

छातीशी वीण दाट घेतली आहे. जाणाऱ्या जिवाला निदान गारठा बाधू नये.

इथे मजेत. पत्ते जोरात चालू आहेत, काल तर सगळे डाव मीच जिंकले.

त्याला आवडला का कळव. म्हणजे मापात बसला का, ते.

ताई


२० जानेवारी

ती. ताईस,

नमस्कार. पत्राला उशीर झाला, राग मानू नकोस. स्वेटर त्यांना इतका आवडलाय की धुवायला काढू देत नाहीत. मी ओढायला गेलो की माझ्याकडे असं बघतात जणू मी मुलीला मागणी घालायला आलोय आणि पगार सांगत नाहीये. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं की हा कोणी विणला. कोटाकडे कोणी बघतच नाही.

तब्येत मात्र उतरणीलाच आहे. डोळे मिटून पडलेले असतात. हाक मारली तर शेपूट एकदा हलवतात, जेमतेम. आता फार दिवस नाहीत असं वाटतं. डॉक्टरही काही बोलत नाहीत.

एक छोटं काम होतं. स्वेटर थोडा दाटतोय, लोकर आटली असेल. पोटाखाली जोडायला एक पट्टी विणून पाठवशील? नवी मापं लिहितो. गळा सतरा, छाती साडेअठ्ठावीस, पाठ पूर्वीचीच.

तुझा,
टाचण्या


२८ जानेवारी

टाचण्या,

लोकर आटली म्हणतोस. लोकर आटली तर स्वेटरचं माप बदलतं, कुत्र्याचं नाही.

तुला आपला जुना खेळ आठवतो? रात्रीची जेवणं झाली की बाबा दिवसभरात घेतलेली मापं मोठ्याने वाचायचे आणि आपण दोघांनी माणूस ओळखायचा. मापावरून आपल्याला कोणाला नवी नोकरी मानवलीये आणि कोणाच्या घरी भांडण चालू आहे तेसुद्धा कळायचं. नेहमी मीच आधी ओळखायचे आणि तू रडायचास. मग आता मी ओळखते. गळ्यात एक इंच आणि छातीत अडीच इंच वाढ, तीही भर थंडीत, दोन-अडीच महिन्यांत. हा जीव मरायला टेकलेला नाही. हा जीव घरजावई झालाय.

पत्रातली प्रत्येक ओळ तू खोटी लिहिलीस. "बघवत नाही" काय, "फार दिवस नाहीत" काय! पण इंचाशी आलास आणि तुझा हात खोटं लिहीना. बाबा म्हणायचे ना, गिऱ्हाईकाशी गोड खोटं बोललं तर चालतं, टेपशी नाही. तेवढं मात्र पक्कं शिकलास.

मला रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. मी काय तुला फरफटत आणणार होते? यायचं नसेल तर तसं सरळ लिही. मी त्या खोलीत कोणी भाडेकरू ठेवीन. पण मला दर महिन्याला एका मुक्या प्राण्याच्या मरणाची वाट बघायला लावलीस, ते मला आवडलं नाही. त्यातून तो मला हल्ली थोडा आवडायला लागला होता.

पट्टी पाठवतेय. त्याची काही चूक नाही.

आणि एक. माझा हिवाळी कोट विटलाय. दुकान चालूच ठेवणार आहेस तर एक नवा शिवून पाठव. मापं: छाती चौतीस, कंबर तीस, बाही बावीस, उंची अडतीस. पाठ आणि खांदा जुन्या मापावरून घे.

ताई


२० फेब्रुवारी

ती. ताईस,

कोटाचं कापड आणून ठेवलंय. गडद निळं, तुला आवडतं तसं. पण अजून कातर लावलेली नाही. लावता येईना.

आधी माझा गुन्हा कबूल करतो. सहा महिने हे डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, मी सांगितलं. डॉक्टर एवढंच म्हणाले होते की हृदय कमजोर आहे, पण अशी हृदयं वर्षानुवर्षं चालतात. मला तुला नाही म्हणता येईना. लहानपणापासून कधी म्हटलेलं नाही, सवय नाही. आणि हे घरही सोडवेना. ती गेल्यावर वर्षभर मी दुपारपर्यंत अंथरुणात पडून असायचो ताई. दुकान उघडायचो ते कोणी दार वाजवलं तरच. आता सकाळी सहाला छातीवर पंजा पडतो आणि नाकाशी सुस्कारा येतो. उठावंच लागतं. त्यांना फिरवायला नेलं की लोक मला हाक मारतात. त्यांच्यासाठी अंडी उकडतो, तेव्हा माझ्यासाठीही उकडतो. म्हणून खोटं बोललो. चुकलो.

आता तुझं. तुझी मापं मी मोठ्याने वाचली, बाबा वाचायचे तशी, आणि माणूस ओळखायला गेलो. मला ओळखता येईना. तुझ्या निवृत्तीचा कोट मीच शिवला होता. तेव्हा छाती अडतीस होती. दोन्ही वेळा पोटभर जेवणारी बाई चार इंच उतरत नाही. मी दुसऱ्यांदा वाचलं. सासरेबुवा पायाशी होते, त्यांनीही सुस्कारा सोडला.

आणि पाठ? बाबांनी आयुष्यात कधी जुन्या मापावरून पाठ घेतली नाही, आणि हे तुला माझ्याहून चांगलं माहीत आहे. छाती, कंबर, बाही, उंची, हे सगळं आरशासमोर उभं राहून आपलं आपल्याला घेता येतं. पाठ आणि खांदा घेता येत नाही. त्याला मागे दुसरं माणूस लागतं.

ताई, तुझ्या त्या अड्ड्यावर पाठीला टेप धरायला एकही बाई नव्हती?

सगळे डाव तूच कशी जिंकतेस तेही मग माझ्या लक्षात आलं.

कोट मी असा शिवणार नाही. माप अपुरं असलं की बाबा गिऱ्हाईकाला परत बोलवायचे. तू इकडे ये.

तुझा,
टाचण्या


२७ फेब्रुवारी

टाचण्या,

तुझं पत्र वाचून मी आधी खूप चिडले. तुला उत्तर म्हणून एक चांगलं झणझणीत पत्र लिहिलं, पाकिटात घातलं, तिकीट लावलं आणि मग चहा केला. चहा करताना रडू आलं. पाकीट फाडलं, तिकीट वाया गेलं.

अड्डा होता. खोटं नाही ते. चौघी होतो. एक मुलाकडे गेली, एक गेल्या पावसाळ्यात वारली, आणि तिसरीला आता ऐकू येत नाही, पत्तेही ओळखत नाही, मलाही नाही. लिफ्ट बंद पडून आठ महिने झाले. तिसरा मजला चढायचा म्हणजे बाहेर एकदाच जायचं आणि काय आणायचं ते एकदाच आणायचं. पाव आणते. टिकतो. तुला नावं ठेवत होते आणि माझ्याही फडताळात तेच होतं, फक्त बटणांचा डबा नव्हता.

तुला बोलावत होते ते तुझ्यासाठी, असं मी सगळ्यांना सांगत होते. मलाही तसंच वाटत होतं. तुझं पत्र वाचेपर्यंत.

मी येतेय. आठ दिवसांसाठी, पाठीचं माप द्यायला आणि कोटाच्या ट्रायलला. ट्रायल झाली की परत. अटी लिहून ठेव. कुत्रा माझ्या खोलीत येणार नाही. मला चाटणार नाही. जेवताना माझ्याकडे टक लावून बघणार नाही. त्याच्या आणि माझ्या मध्ये रस्ता नाही तर निदान एक टेबल असेल. स्टेशनवर त्याला आणू नकोस.

ताई

ता. क. आणलास तर स्वेटर घालून आण. पट्टी नीट बसलीये का ते मला बघायचंय.


४ नोव्हेंबर, स्वयंपाकघराच्या टेबलावरची चिठ्ठी

टाचण्या,

तू गाढ झोपला होतास म्हणून उठवलं नाही. सासरेबुवांना घेऊन फिरायला जातेय. पाय आखडलेत त्यांचे आज, थंडी पडलीये, तेव्हा कोपऱ्यापर्यंतच नेईन. वाटेत बेकरीवाल्या बाईंकडे थांबू. त्या माझ्यासाठी थांबत नाहीत, सासरेबुवांसाठी थांबतात, पण चहा दोघींना होतो.

ते रात्री माझ्या खोलीत आले नव्हते. दार उघडं राहिलं होतं, त्यामुळे खोली त्यांच्याकडे गेली. रजई मीच अंथरली, तर काय करणार? थंडी आहे.

डॉक्टर काल पुन्हा म्हणाले की हृदय कमजोर आहे. मी म्हटलं, असेल.

अंडी उकडून ठेवली आहेत. चारही तुझ्या एकट्याची नाहीत.

त्यांचा स्वेटर पोटाखाली पुन्हा दाटतोय, आज संध्याकाळी विणायला घेते. आणि माझा निळा कोट काल घालून बघितला, छातीचं बटण लागत नाही. कपाटातून काढून तुझ्या मशिनवर ठेवलाय. दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवून ठेव. आल्यावर पाठीमागे उभा राहा आणि पुन्हा माप घे.

ताई